रान, नोटीस आणि न्यायासन

भिवंडीचें नांव निघालें कीं प्रथम आठवतात ते तेथील माग, आणि अलीकडच्या काळांत नाशिकच्या रस्त्यालगत पसरलेलीं मालाचीं गुदामें. परंतु याच तालुक्याच्या पश्चिमेस तुंगारेश्वराचा डोंगर उभा आहे, उत्तरेस वज्रेश्वरी-गणेशपुरीवरून तानसा नदी वाहते, आणि दक्षिणेस उल्हास नदीची खाडी कांदळवनांतून वळणें घेत समुद्राकडे जाते. विसाव्या शतकाच्या आरंभीं भिवंडीच्या व्यापारांत तांदूळ, सुकी मासळी आणि कापड यांच्या जोडीला गवत व लांकूड यांचीहि गणना होत असे. लांकडाचा व्यापार जेथें चालतो तेथून रान फारसें दूर नसतें. आणि रान जवळ असलें म्हणजे तें कोणाचें, हा तंटाहि जवळच असतो.

ठाणें जिल्ह्यांतील या तंट्याचा इतिहास सुमारें दीडशें वर्षांचा आहे. सरकारनें एखादें रान राखून ठेवण्याचें ठरवावें, लोकांनीं त्यास हरकत घ्यावी, आणि मग कोणीतरी दोघांचेंहि ऐकून निर्णय द्यावा, असा त्याचा सर्वसाधारण क्रम दिसतो. मात्र हा निर्णय देणारा कोण, आणि त्याच्यापुढें उभें राहण्याचें बळ कोणाच्या अंगीं, या गोष्टी काळाप्रमाणें पालटत गेल्या. त्या कशा पालटल्या हें पाहिलें म्हणजे रानाच्या रक्षणाचा प्रश्न केवळ झाडांचा नसून न्यायाच्या पद्धतीचाहि आहे, हें ध्यानांत येतें.

हिंदुस्थान सरकारनें १८७८ सालीं जंगलाचा कायदा केला. त्यांत रानांचे राखीव, संरक्षित आणि गांवाकडे सोंपविलेलीं असे तीन वर्ग पाडण्यांत आले. जें रान राखीव करावयाचें त्याची जाहिरात निघे. ज्यांचा कांहीं हक्क असेल त्यांनीं ठरलेल्या मुदतींत, म्हणजे तीन महिन्यांहून कमी नाहीं इतक्या अवधींत, तो अधिकाऱ्यापुढें मांडावा, अशी आज्ञा होई. मुदतींत जो हक्क सांगितला गेला नाहीं, तो सबळ कारण दाखविल्याखेरीज बुडाला असें समजत. अधिकाऱ्याच्या निकालावर अपील होतें, परंतु तें बहुधा महसूल खात्यांतील वरिष्ठाकडेच. म्हणजे ज्याच्या विरुद्ध गाऱ्हाणें तो, आणि ज्याच्यापुढें गाऱ्हाणें तो, हे दोघेहि एकाच सरकारचे चाकर. डोंगराच्या कुशींतील वारली, कातकरी वा ठाकूर यांना सरकारी जाहिरात वाचतां येत नव्हती आणि तीन महिन्यांत लेखी अर्ज करणें त्यांच्या आवांक्याबाहेरचें होतें, हें वेगळें सांगावयास नको.

या कायद्याचा पहिला मोठा घाव बसला तो राबावर. कोंकणांतील भातशेतीची रीत ज्यांना ठाऊक आहे त्यांना राबाचें महत्त्व समजावून सांगण्याची गरज नाहीं. उन्हाळ्यांत शेताच्या एका तुकड्यावर शेण, झाडांचे टहाळे, पालापाचोळा, गवत आणि वर मातीचा थर असें रचून तें जाळतात. भाजलेल्या त्या जमिनींत पहिल्या पावसाबरोबर भाताचें बीं पेरतात, आणि रोप हाताएवढें झालें म्हणजे तें उपटून खाचरांत लावतात. टहाळ्यांसाठीं ऐनाचें झाड विशेष उपयोगाचें. हे टहाळे शेतकरी कांहीं आपल्या वरकस जमिनींतून आणी, तर कांहीं जवळच्या रानांतून. रान राखीव झालें तेव्हां टहाळे तोडणें हा अपराध ठरला. जंगल खात्याचें म्हणणें असें कीं, दरवर्षीं फांद्या छाटून झाडें खुरटतात आणि त्यांपासून चांगलें इमारती लांकूड कधींच मिळणार नाहीं. शेतकऱ्याचें म्हणणें असें कीं, राब नाहीं तर रोप नाहीं, आणि रोप नाहीं तर भात नाहीं. वस्तुतः दोघांच्याहि म्हणण्यांत तथ्य होतें. पण एकाच्या हातीं कायदा होता.

तेव्हां कोर्टाची वाट जवळजवळ बंद असल्यामुळें लोकांनीं सभा व अर्ज यांची वाट धरली. ठाणें आणि कुलाबा या जिल्ह्यांतून तक्रारींचा इतका गवगवा झाला कीं, लॉर्ड रे यांच्या कारकीर्दींत, १८८५ सालीं, मुंबई सरकारला एक जंगल कमिशन नेमावें लागलें. जी. डब्ल्यू. व्हायडल हे त्याचे अध्यक्ष होते. कमिशनचा अहवाल १८८७ मध्यें प्रसिद्ध झाला. तेव्हांपासून राबाचा प्रश्न शेतकीच्या शास्त्रज्ञांपुढेंहि आला. शेतकी खात्यानें राबाच्या वाफ्यांवर प्रयोग केले, आणि व्होल्कर या रसायनशास्त्रज्ञानें हिंदी शेतीवरील १८९३ च्या आपल्या अहवालांत त्याचा विस्तारानें विचार केला. अडाणी समजली जाणारी एक रीत अशा रीतीनें निदान चौकशीस पात्र ठरली. रानें राखीव राहिलीं, परंतु ‘आमचें ऐकून घ्या’ ही मागणी सरकारच्या दप्तरांत एकदां नोंदली गेली ती कायमची.

१९२७ सालीं जुना कायदा जाऊन नवा जंगल कायदा आला. त्याचा मुख्य रोख सरकारच्या रानांवर होता. परंतु खाजगी मालकीच्या रानांवरहि कांहीं निर्बंध घालतां यावेत म्हणून त्यांत एक स्वतंत्र प्रकरण होतें, आणि त्यांतच पुढें फार गाजलेलें ३५ वें कलम होतें. मुंबई सरकारनें १९४८ सालीं या कलमाची फेररचना केली. सरकारला खाजगी रानांत नांगरट, चराई वा तोड बंद करावयाची असल्यास आधीं मालकाला नोटीस देऊन कारण विचारावें. त्याची हरकत व पुरावा नेमलेल्या अधिकाऱ्यानें ऐकावा. सरकारनें त्याचा विचार करावा. आणि मगच अंतिम हुकूम गॅझेटांत छापावा, असा क्रम त्यांत घालून दिला होता. १८७८ च्या मानानें ही मोठीच सुधारणा होय. मालकाला ऐकून घेतल्याखेरीज त्याच्या रानावर बंदी घालूं नये, हें तत्त्व कायद्याच्या अक्षरांत आलें.

पण अक्षर आणि आचार यांत अंतर पडलें. मुंबईच्या उपनगरांत व ठाणें-कुलाब्यांत पन्नासाव्या वर्षांनंतरच्या दशकांत अशा अनेक नोटिसा निघाल्या आणि गॅझेटांत छापल्या गेल्या. पुष्कळ ठिकाणीं पुढचें पाऊल मात्र पडलें नाहीं. नोटीस मालकाच्या हातीं पोंचल्याचा दाखला नाहीं, सुनावणी नाहीं, अंतिम हुकूम नाहीं. कागद दप्तरांत पडून राहिला आणि जमीन आपल्या मार्गानें गेली: कोठें भात पिकूं लागलें, कोठें जमीन विकली गेली, तर कोठें नगरपालिकेच्या परवानगीनें इमारती उठल्या.

अशी पंधरा-वीस वर्षें लोटल्यावर महाराष्ट्र विधिमंडळानें खाजगी वनें संपादन करण्याचा कायदा केला. तो ३० ऑगस्ट १९७५ रोजीं अमलांत आला. राज्यांतील वनक्षेत्र अपुरें आहे, आणि खाजगी वनें बेसुमार तोडीमुळें उजाड झालीं असून त्याचा जमिनीवर व शेतीवर अनिष्ट परिणाम होत आहे, अशी त्यामागील भूमिका होती. आणि ती निराधार होती असें कोणी म्हणणार नाहीं. या कायद्यानें सर्व खाजगी वनें त्या एका दिवशीं सरकारच्या मालकीचीं झालीं. जें कायदेशीर वहिवाटींत लागवडीखालीं असेल व कमाल धारणेच्या मर्यादेंत बसेल, तेवढें क्षेत्र वगळलें गेलें. पुढें लहान धारकांना १२ हेक्टरपर्यंतची जमीन परत मिळण्याचीहि सोय करण्यांत आली.

मुख्य अडचण ‘खाजगी वन’ या शब्दाच्या व्याख्येंत होती. ज्या जमिनीबद्दल ३५ व्या कलमाखालीं नोटीस ‘काढण्यांत आली आहे’, ती जमीनहि खाजगी वन समजावी, असें त्या व्याख्येंत म्हटलें होतें. कारण विचारणारी नोटीस म्हणजे प्रश्न. तिचें उत्तर मिळून निर्णय व्हावयाचा असतो. येथें प्रश्न विचारला एवढ्यावरूनच निर्णय झाला असें धरण्याची पाळी आली. मालकी तर बदलली, पण सात-बाराच्या उताऱ्यांवर बहुतेक ठिकाणीं जुनींच नांवें राहिलीं. ज्याची जमीन गेली त्याला तें ठाऊक नव्हतें, आणि ज्या सरकारला ती मिळाली त्यानेंहि ती ताब्यांत घेतली नाहीं.

‘काढण्यांत आली’ या दोन शब्दांचा अर्थ काय, हा वाद अखेर सर्वोच्च न्यायालयापुढें गेला. चिंतामणी गजानन वेलकर यांच्या प्रकरणांत नोटीस २९ ऑगस्ट १९७५ रोजीं, म्हणजे कायदा अमलांत येण्याच्या केवळ आदल्या दिवशीं, निघाली होती. न्यायालयानें २००० सालीं निर्णय दिला कीं, नोटीस निघाली एवढें पुरे आहे. ती मालकाला पोंचण्याची वा सुनावणी होण्याची आवश्यकता नाहीं. या निर्णयानें जुन्या दप्तरांतील निजलेल्या कागदांत एकाएकीं प्राण आला.

त्या कागदांना जागें करण्याचें काम एका नागरी संस्थेनें केलें. बॉम्बे एन्व्हायर्नमेंटल अॅक्शन ग्रुप या संस्थेनें २००२ सालीं मुंबई उच्च न्यायालयांत लोकहिताचा अर्ज दाखल केला. कायद्यानें जीं वनें १९७५ सालींच सरकारचीं झालीं, त्यांची नोंद महसुली दप्तरांत कां नाहीं, असा तिचा सवाल होता. सवाल रास्त होता. सरकारच्या आळसामुळें डोंगरउतारावरील रान बांधकामाच्या घशांत जात होतें. न्यायालयाच्या हुकुमांमागून २००५ च्या सुमारास कोंकण विभागांत नोंदींचें काम सुरू झालें, आणि मग मुलुंड, भांडुप, बोरीवली येथील सहस्रावधि कुटुंबांना अकस्मात् कळलें कीं, आयुष्याची पुंजी घालून घेतलेलें आपलें घर सरकारी दप्तराप्रमाणें जंगलांत उभें आहे. ठाणें जिल्ह्यांतील गांवोगांवच्या शेतकऱ्यांच्या उताऱ्यांवरहि ‘राखीव वन’ अशा नोंदी चढल्या. २४ मार्च २००८ रोजीं उच्च न्यायालयानें जमीनधारकांचे अर्ज फेंटाळले.

त्यावरील अपिलांत अग्रभागीं होती विक्रोळीची जमीन. तिचा इतिहासच मोठा बोधप्रद आहे. १८३५ सालीं फ्रामजी कावसजी बनाजी यांना कायमच्या पट्ट्यानें मिळालेली ही जमीन त्या पट्ट्यांत पडीक म्हणून वर्णिलेली होती. १९४८ सालीं ती गोदरेज आणि बॉईस या कंपनीनें खरेदी केली. तिच्यापैकीं १३३ एकर ३८ गुंठे क्षेत्राबद्दल १९५६ सालच्या गॅझेटांत नोटीस छापली गेली. आणि तिच्यावर कृति झाली ती जवळजवळ पन्नास वर्षांनीं. ३० जानेवारी २०१४ रोजीं न्यायमूर्ति लोढा, लोकूर व कुरियन जोसेफ यांच्या पीठानें निकाल दिला. नोटीस ‘काढणें’ यांत ती मालकाला पोंचविणें अंतर्भूत आहे, कारण ज्याला कारण विचारावयाचें त्याला प्रश्नच कळला नाहीं तर तो उत्तर कसें देणार? शिवाय व्याख्येंतील नोटीस ही जिवंत, म्हणजे जिच्यावर कार्यवाही चालूं आहे अशी, असली पाहिजे. अर्धें शतक निजलेली नोटीस नव्हे. वेलकर प्रकरणांतील मत या मुद्द्यावर चुकीचें ठरविण्यांत आलें. सरकार इतकीं वर्षें स्वस्थ बसलें आणि मधल्या काळांत सरकारच्याच परवानग्यांनीं वस्ती झाली, याकडेहि न्यायालयानें लक्ष वेधलें. तरीहि वाद शमला नाहीं. खालच्या न्यायालयांत तशाच नोंदी टिकून राहिल्यामुळें २०२५ च्या नोव्हेंबरांत सर्वोच्च न्यायालयाला तेंच तत्त्व पुनः एकदां ठांसून सांगावें लागलें.

येथवरची कथा मालकांची झाली. परंतु ठाण्याच्या डोंगरांत असेहि पुष्कळ लोक आहेत, ज्यांच्या नांवानें कधीं कोणती नोटीस निघालीच नाहीं, कारण दप्तरांत त्यांचें नांवच नव्हतें. आदिवासी कुटुंबें पिढ्यान्‌पिढ्या ज्या दळ्यांवर नागली-वरी पिकवीत आलीं, त्या जमिनी सरकारच्या लेखीं अतिक्रमण ठरल्या. त्यांच्या वतीनें जिल्ह्यांतील कष्टकरी संघटनेचे कार्यकर्ते प्रदीप प्रभु यांनीं १९८६ सालीं सर्वोच्च न्यायालयाकडे धांव घेतली. १९९५ सालीं न्यायालयानें असें ठरविलें कीं, अशा कुटुंबांचा दावा केवळ सरकारी कागदावर तोलूं नये. कागद नसल्यास इतर पुरावाहि पाहावा. ज्याच्या विरुद्ध तक्रार त्याच्याच दप्तरांतला दाखला आणा, असें फिर्यादीला सांगण्यांत न्याय नाहीं, हें त्याचें तात्पर्य. पुढें २००६ सालीं वनहक्कांचा कायदा झाला आणि त्याच्या नियमांत गांवांतील वडीलधाऱ्यांची साक्ष पुरावा म्हणून मान्य झाली. १८७८ च्या जाहिरातीपुढें मुका राहिलेला माणूस शंभराहून अधिक वर्षांनीं बोलूं शकला.

या साऱ्या काळांत रानाच्या बाजूनें कोण बोलत होतें, असा प्रश्न कोणी विचारील. तेंहि घडलें. १९८० सालीं केंद्र सरकारनें वनसंवर्धनाचा कायदा करून वनजमीन इतर कामास देण्यापूर्वीं केंद्राची मंजुरी आवश्यक केली. १२ डिसेंबर १९९६ रोजीं गोदावर्मन प्रकरणांत सर्वोच्च न्यायालयानें सांगितलें कीं, मालकी कोणाचीहि असो, कोशांतील अर्थानें जें वन तें या कायद्यापुढें वनच. भिवंडीच्या खाडीकांठालाहि ही दृष्टि लागू झाली. वर उल्लेखिलेल्या संस्थेच्याच अर्जावर मुंबई उच्च न्यायालयानें ६ ऑक्टोबर २००५ रोजीं राज्यभर कांदळवनांची तोड थांबविली, त्यांच्याभोंवतीं ५० मीटरांत बांधकामास मनाई केली, आणि सरकारी जमिनीवरील कांदळवनें संरक्षित वन म्हणून जाहीर करण्यास फर्माविलें. १७ सप्टेंबर २०१८ च्या अंतिम निकालांत न्यायालय आणखी पुढें गेलें. कांदळवनांचा नाश म्हणजे नागरिकांच्या जीविताच्या हक्काचा भंग, असें त्यानें मानलें. भरतीचें पाणी अडवून धरणारा, माशांच्या पिलांना आसरा देणारा आणि किनाऱ्याची माती धरून ठेवणारा हा चिखलांतला पाला अशा रीतीनें राज्यघटनेच्या छायेंत आला.

परंतु संरक्षण म्हणजे अभेद्य तट नव्हे. मुंबई-अहमदाबाद अतिवेगवान रेल्वेचा मार्ग भिवंडी तालुक्यांतून जातो, आणि तिच्या गाड्यांच्या आगारासाठीं अंजूर-भारोडीचा परिसर निवडण्यांत आला. मुंबई, ठाणें व पालघर या भागांत मार्गावर येणारीं सुमारें २० हजार कांदळझाडें तोडण्यासाठीं रेल्वे निगमाला, २०१८ च्या निकालामुळें, उच्च न्यायालयाची परवानगी मागावी लागली. पर्यावरणवाद्यांनीं विरोध केला. ९ डिसेंबर २०२२ रोजीं न्यायालयानें लोकोपयोगी काम म्हणून अटींसह परवानगी दिली. कांहींना हा पराजय वाटला, आणि तो वाटणें स्वाभाविक आहे. परंतु १८७८ सालीं सरकार रान राखी तें आपल्याच मर्जीनें आणि सोडी तेंहि आपल्याच मर्जीनें. २०२२ मध्यें सरकारी निगमाला एकेक झाडाचा हिशेब घेऊन न्यायासनापुढें उभें राहावें लागलें, आणि मूळ आंकडाहि कमी करावा लागला, हा फरक लहान नव्हे.

या दीर्घ कथेंत एक गोष्ट वारंवार दिसून येते. रानाचा नाश जितका कुऱ्हाडीनें झाला, तितकाच अपुऱ्या कागदानें झाला. १९५६ ची नोटीस वेळेवर पोंचविली असती, हरकत ऐकली असती, अंतिम हुकूम काढला असता, तर विक्रोळीपासून शहापुरापर्यंत किती रान वांचलें असतें आणि किती कुटुंबांचा घोर टळला असता, याचा अंदाज कोणीहि करावा. नोटीस न देतां घेतलेली जमीन सरकारच्या हातीं टिकली नाहीं. आणि ती टिकली नाहीं म्हणून तिच्यावरचें रानहि राहिलें नाहीं. धारकाला ऐकून घेणें हें पुष्कळदां रानाच्या रक्षणांतील विघ्न मानलें जातें. ठाण्याचा इतिहास याच्या उलट साक्ष देतो. ज्या निर्णयापूर्वीं सर्वांचें ऐकलें गेलें, तोच निर्णय पुढें न्यायालयांत उभा राहूं शकला.

भिवंडीच्या शेतकऱ्यानें शंभर वर्षांपूर्वीं आपल्या राबासाठीं जें मागितलें होतें तें याहून फारसें वेगळें नव्हतें. रान सरकारनें राखावें, पण आमच्या पेरणीची वेळ टळण्यापूर्वीं आम्हांला विचारावें. तुंगारेश्वराच्या परिसराला २००३ सालीं अभयारण्याचा दर्जा मिळाला असून डोंगरावर अद्याप हिरवें रान आहे, आणि पायथ्याशीं गुदामांच्या पत्र्यांची रांग त्याच्याकडे सरकत आहे. या दोहोंमधली सीमा नकाशावर कोणी आंखावी, तिची वर्दी कोणाच्या दारापर्यंत न्यावी आणि हरकतीसाठीं किती दिवस थांबावें, हें काम बाहेरून पाहणारास कारकुनी वाटेल. परंतु पुढच्या पिढ्यांना रानहि मिळावें आणि न्यायहि, असें वाटत असेल तर त्याची सुरुवात याच कारकुनी कामापासून व्हावयास हवी.